कापलेली कड

१२ ऑक्टोबर २०२३

जेवदेतदादा,

सतरा वर्षं पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल माफी मागते. आधी 'वेळ झाला नाही' असं लिहिलं होतं, ते खोडलं. 'पत्ता नव्हता' असंही लिहिलं, तेही खोडलं. एदिर्नेत थडग्यांचे दगड कोरणारे असे किती असतील? मी कोणाला विचारलंच नाही, एवढंच खरं आहे.

पत्ता ओझगेने दिला. तुझी मुलगी काल इथे आली होती. तुला न सांगता आली म्हणाली. रात्रभर बसमध्ये बसून आली होती, म्हणून तिला रागवू नकोस.

मी म्युझियमच्या कोठारात होते. पहारेकरी येऊन म्हणाला, "बाई, एक मुलगी आलीय. तुमची भाची आहे म्हणते. तुम्हाला भाची आहे?" आहे, म्हणाले. बाहेर आले तर ती दुसऱ्या दालनात त्या फोटोसमोर उभी होती. आपल्या येदिओलुकच्या कातळावर कोरलेल्या, गाव ज्याला मेंढपाळ म्हणतं त्याच्या फोटोसमोर. पाच वर्षांची असताना मी तिला शेवटचं पाहिलं होतं. तरी भुवयांवरून ओळखलं असतं. तुझ्यासारखी, बोलायच्या आधी डावी भुवई वर जाते.

"हाच का तो, ज्याच्यापायी बाबा आत गेले?"

"हाच."

"नाव काय याचं?"

"पिहामुवा. हित्ती राजा होता."

"केलं काय याने?"

"ते कोणालाच माहीत नाही. त्या कातळावर नाव होतं, पुढे 'महाराज, शूर' एवढंच. दुसऱ्या कुठल्याही पाटीवर, शिक्क्यावर तो सापडलेला नाही."

"आणि कातळ तर फुटला."

"फुटला. मी त्याआधी घेतलेला कागदी ठसा आहे."

"म्हणजे हा माणूस होऊन गेला की नाही, ते तुमच्या शब्दावर आहे," ती म्हणाली. सहज म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या बाबांसारखंच."

चहा मागवला. तिने दोन पेले घेतले, साखर न घालता. जांदार्मात, खेड्यापाड्यांच्या पोलीस दलात, भरती व्हायचं होतं तिला. "धावण्यात पहिली आले, आत्या. लेखीत नववी. घरच्यांच्या चौकशीत नापास." वडिलांच्या नावावर गुन्हा आहे, तोही स्फोटकांचा, ज्यात माणूस मेला. असल्या घरातली मुलगी त्यांना नको. तिने तुझ्या खटल्याचे कागद काढले आणि त्यात तिला माझ्या सहीचा अहवाल सापडला.

"हा चूक होता असं लिहून द्या," ती म्हणाली. "नाहीतर बरोबर होता असं माझ्याकडे बघून सांगा. मी जाते."

मी म्हणाले, "बघते."

"बाबा म्हणतात, आपल्या घरात 'बघते' म्हणजे नाही."

मी हसले. ती हसली नाही. तीनच्या बसने परत गेली.

बाबांची त्या कातळाच्या पहाऱ्याची वही तुला आठवते? रोज तारीख, वारा, कोण आलं, आणि खाली एक ओळ: उद्याचं काम. "उद्या: झाडू बदलणे." "उद्या: शेळ्यांसाठी काटे लावणे." ती ओळ लिहायची सवय मलाही लागली आहे.

उद्या: हे पत्र टाकणे.

२१ ऑक्टोबर

दादा,

टाकलं नाही. टेबलाच्या खणात आहे. वाचून पाहिलं तर त्यात सगळं ओझगेबद्दल होतं. स्वतःला सोडून सगळ्यांबद्दल लिहायचं ही माझी जुनी सवय.

रविवारी येदिओलुकला गेले होते. वर्षातून एकदा सरकारी कामासाठी जाते, तशी नाही, नुसतीच. मेंढपाळ कमरेपासून खाली अजून उभा आहे. वर वळलेल्या टोकांचे जोडे, झग्याचा काठ, अर्धं धनुष्य. वर काही नाही, पांढरा फुटका दगड. बाबांच्या पश्चात कोणी पाणी मारत नाही. पाहुणा आला की बादली घेऊन पळायचे ते आणि म्हणायचे, "थांबा, त्याला जागा करतो." पाणी बसलं की रेषा वर यायच्या. मी बाटलीतलं पाणी ओतलं. उजव्या काठाला, गुडघ्याच्या उंचीवर एक भोक उरलंय. बोट घातलं. पहिल्या पेरापर्यंत जातं.

फेरीदे रस्त्यावर भेटली. भट्टीतून रोट्या घेऊन चालली होती. नवरा, हलीत, गेल्यापासून ती गावाच्या भट्टीवरच असते. दोन रोट्या माझ्या हातात कोंबल्या. नको म्हणाले तर म्हणाली, "घ्या हो बाई, तुमचं कुठे गावात कोणी राहिलंय वाढायला." त्या गरम रोट्या मी गाडीत शेजारच्या सीटवर ठेवल्या. घरी येईपर्यंत खाल्ल्या नाहीत. नंतर खाल्ल्या. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

आता ती भोकं. तुला माहीत आहेत ती, पण मी ती कुठेच लिहिलेली नाहीत, म्हणून इथे लिहिते.

१९९९, जुलै. मी तेवीस वर्षांची होते, प्रबंधासाठी ठसा घ्यायला आले होते. ओला जाड कागद कातळावर चिकटवायचा, ताठ केसांच्या ब्रशने ठोकून ठोकून रेषांत बसवायचा, वाळला की अलगद सोडवायचा. मला सहा कागद लागणार होते आणि कातळाला पोट आलेलं. कागद नंतर जुळवायचे तर पक्क्या खुणा हव्यात. रंगाच्या खुणा ओल्या कागदाखाली पसरत होत्या. परवानगी फक्त कागदाची होती, दगडाला हत्यार लावायची नव्हती. मला ते ठाऊक होतं. मी तुझं ड्रिल मागितलं.

बाबा त्या दिवशी तालुक्याला गेले होते. तू दोरीवरून वायर ओढून आणलीस. मी पहिलं भोक पाडायला गेले आणि ड्रिल घसरलं.

"दे इकडे," तू म्हणालास. "देवाने तुला डोकं दिलं, मनगट द्यायचं राहिलं."

"काठावरच हं दादा. कोरलेल्याला लागता कामा नये."

"अगं, रोज मेलेल्यांची नावं कोरतो मी. मला शिकवतेस?"

तीन भोकं. एक वर, दोन खाली, त्रिकोणात. मला भीती वाटायला लागली तेव्हा तू त्या राजाच्या पोटावर थाप मारलीस आणि म्हणालास, "तीन हजार वर्षं उभाय हा. तीन भोकांनी मरत नाही."

बाबांच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे. वही माझ्याकडे आहे. ज्या माणसाने शेळी येऊन गेली तरी लिहिलं, त्याने लिहिलंय: "वारा नाही. कोणी आलं नाही." म्हणजे संध्याकाळी त्यांनी ती भोकं पाहिली होती आणि आपल्याला वहीतून वगळलं. दुसऱ्या दिवशी ठसे निघाले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, सही केली. मला एक शब्दही बोलले नाहीत.

उद्या: ठसे ठेवलेल्या खणाची किल्ली शोधणे.

३ नोव्हेंबर

दादा,

किल्ली माझ्याकडेच होती. मला ती हरवायला हवी होती.

माझ्या मधल्या ठशाची उजवी कड कापलेली आहे. चार बोटं रुंद पट्टी. तिच्यावर तीन भोकांच्या गोल गुठळ्या उठल्यात आणि कोपऱ्यात बाबांची सही, तारीख आहे. २००६ साली, स्फोटानंतर अकराव्या दिवशी, मी ती कात्रीने कापली. जाळली नाही. का जाळली नाही याची मी स्वतःला बरीच चांगली कारणं दिली आहेत. अभ्यासकाने पुरावा नष्ट करायचा नसतो, हे त्यातलं एक. खरं कारण मला सापडत नाही. कदाचित कधीतरी कोणीतरी शोधावी असं वाटत असेल. मीच आपणहून बाहेर काढावी असं मात्र वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी एका परदेशी अभ्यासकाने लिहिलं, की या ठशाची उजवी कड का कापलेली आहे याचा खुलासा होत नाही; कड नसल्यामुळे तो उरलेल्या कातळाला जुळवून पाहता येत नाही; तोवर पिहामुवाला राजांच्या यादीत धरू नये. सभ्य भाषेत लिहिलंय. मी खोटा राजा बनवला असं तो म्हणत नाही, पण वाचणाऱ्याला तेच कळतं. ती कड जुळवली की राजा खरा ठरतो, कारण ते उरलेलं तिसरं भोक बरोबर जागेवर बसतं. आणि कड जुळवली की त्याच क्षणी हेही ठरतं, की भोकं स्फोटाच्या सात वर्षं आधीची आहेत आणि ती माझ्या कामासाठी पाडलेली आहेत. वर्षभर मी एका राजाला नसलेला होऊ दिलं. ते मला फार जड गेलं नाही, हे पाहून मलाच आश्चर्य वाटलं. तुला तर मी सतरा वर्षं तसंच ठेवलंय.

कोर्टाबद्दल लिहिते.

हलीतबरोबरचे खजिन्यावाले दोघे बाहेरचे होते. पकडला गेला तो म्हणाला, भोकं आम्ही नाही पाडली, आधीच होती, गावातल्या कोणीतरी ड्रिलवाल्याने खुणा करून ठेवल्या होत्या. गावात ड्रिल एकाकडेच होतं. तुला विचारलं, तू म्हणालास, "हो, मी पाडली." कशासाठी? गप्प. कोणाच्या सांगण्यावरून? गप्प. न्यायाधीशाने तीनदा विचारलं. मी चौथ्या रांगेत बसले होते, मांडीवर फाईल घेऊन. तू मागे वळलास, माझ्याकडे पाहिलंस, रागाने नाही. वाट पाहिल्यासारखं. मग पुढे वळलास.

माझा अहवाल तोवर दिलेला होता. "भोके अलीकडची असून स्फोटाच्या तयारीसाठी पाडलेली दिसतात." वरिष्ठांनी दबाव आणला असं मला लिहिता आलं असतं. कोणी आणला नाही. नुसतं विचारलं होतं, "मेदिहाबाई, तुम्ही त्याच गावच्या, तुम्हीच बघा." मी नकार देऊ शकले असते, भाऊ आरोपी आहे म्हणून. पण तोवर तू आरोपी नव्हतास. तोवर फक्त भोकं होती, आणि मला ती दुसऱ्या कोणाची तरी व्हायला हवी होती. ती तुझी होतील हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. गावात ड्रिल एकच होतं, दादा. माझ्या लक्षात आलं नसेल का?

बाहेर बोळात तुला बेड्या घालून नेत होते. मी भिंतीला टेकून उभी होते. तू थांबलास आणि म्हणालास, "मेदिहा, दुपारी काही खाल्लंस का?"

शिपाई म्हणाला, "चल रे, घरगुती गप्पा नंतर."

मी "हो" म्हणाले. खाल्लं नव्हतं. त्या इमारतीत त्या दिवशी बोललेला माझा तो एकच शब्द, आणि तोही खोटा.

बाबा पाच वर्षांनी गेले. तू सुटून दोन वर्षं झाली होती, तू आला नाहीस. मी लोकांना सांगितलं, कळवायला उशीर झाला. कळवलंच नव्हतं.

उद्या: पट्टी कापडातून काढून पाहणे. तुटली नसेल ना.

९ नोव्हेंबर

दादा,

पट्टी शाबूत आहे. बाबांची सही फिकी झाली आहे, वाचता येते.

आज सगळी पत्रं एकत्र टाकणार आहे. पण त्याआधी अजून एक गोष्ट उरते. ती तुलाही माहीत नाही. ती कुठल्या कागदावर नाही, कोणी सिद्ध करू शकत नाही. म्हणून ती सोडून देता येईल असा विचार मी तीन दिवस केला.

स्फोटाच्या वर्षीचा ऑगस्ट, स्फोट व्हायच्या आधी. मी हलीतच्या मिनीबसमध्ये पुढच्या सीटवर होते. मागे आमच्या म्युझियमचा कारकून बसला होता, त्याला गावातून मध हवा होता. हलीत नेहमीसारखा बडबडत होता, गाडीच्या गिअरला शिव्या देत, समोरून येणाऱ्याला हात करत.

"बाई, एक विचारू? हसायचं नाही हं."

"विचार."

"त्या मेंढपाळाच्या अंगाला तीन भोकं आहेत. तुमचे वडील त्यात माती भरतात, पावसाने निघून जाते. म्हातारा दर वर्षी का भरतो, मला वाटायचं."

मी खिडकीची काच खाली केली.

"आमचे लोक म्हणतात, तीन खुणा असल्या की माल मधोमध. जुनी असली तर. ती जुनी आहेत का हो? त्या तुमच्या राजाच्या वेळची?"

"का, तुला खोदायचंय?"

"मी कसला खोदतोय! फेरीदे म्हणते, तुला बटाटे खोदायला होत नाहीत. नुसतं विचारलं."

मागे कारकून ऐकत होता. मला कायम होऊन तीन महिने झाले होते. 'ती माझी आहेत, हलीत. मी पाडून घेतली, मोजमापासाठी. त्यांच्यामध्ये काही नाही.' एवढंच म्हणायचं होतं. घटकाभर हसला असता, गावभर सांगितलं असतं, कारकुनाने वर कळवलं असतं, मला नोटीस आली असती. बस.

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जुनी असतील."

"बघा, मी म्हटलंच होतं," तो म्हणाला, आणि गाणं मोठं केलं.

त्या तीन भोकांच्या अगदी शेजारी राजाचं नाव होतं. हलीत आणि त्या दोघांनी सुरुंग बरोबर भोकांच्या मधोमध लावला. पहिल्यांदा पेटला नाही, म्हणून हलीत बघायला गेला, आणि तेव्हाच पेटला.

हलीतला मी सांगितलं, जुनी आहेत. कोर्टाला सांगितलं, अलीकडची आहेत. ती सात वर्षांची होती.

दादा, तू का बोलला नाहीस? हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते. मला वाचवायचं होतं, की मी स्वतः उठते का ते बघायचं होतं? इतकी वर्षं मी पहिलं धरून चालले. ते धरलं की तुझे उपकार मानत दिवस काढता येतात. दुसरं धरलं तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

उद्या: पट्टी, बाबांची वही आणि जबाब घेऊन सरकारी वकिलाकडे. नऊ वाजता.

२४ नोव्हेंबर

दादा,

गेले होते. नऊला नाही, सव्वाअकराला. आधी दोनदा कचेरीवरून पुढे चालत गेले.

वकील तरुण आहे. त्याने पट्टी हातात घेतली नाही, टेबलावर ठेवा म्हणाला. जबाब दोनदा वाचला. म्हणाला, "बाई, भावाच्या खटल्याची फेरसुनावणी होऊ शकेल. तुमच्याविरुद्ध आता काही होणार नाही, मुदत उलटली. नोकरीचं तुमचं खातं बघेल." मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. मग वाटलं, लाज वाटून घेणं हे तरी खरं आहे का, की पत्रात लिहायला बरं? मला आता स्वतःचं कळेनासं झालंय.

म्युझियमने मला घरी बसवलं आहे, चौकशी संपेपर्यंत. गुरुवारी दोघे तज्ज्ञ पट्टी घेऊन येदिओलुकला गेले. मला नेलं नाही, बरोबरच केलं. त्यातल्या एकाने संध्याकाळी फोन करून सांगितलं, तिसरी गुठळी त्या उरलेल्या भोकात बसली, कणभर सुद्धा इकडेतिकडे नाही. "अभिनंदन, बाई. तुमचा राजा खरा आहे." मग काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने फोन ठेवला.

काल ओझगेचा फोन आला. पत्रं तुला मिळाली हे तिनेच सांगितलं. तू कारखान्यात उभ्याउभ्या वाचलीस, यंत्र चालू ठेवून. जेवायला आला नाहीस. मग शेवटचं पत्र तिच्यापुढे टाकलंस आणि म्हणालास, वाच.

"आत्या, बाबा इथेच आहेत. फोन घेत नाहीत. मी सांगू ते म्हणतात."

"सांग."

मागे तुझा आवाज आला. सतरा वर्षांनी. जाडा झालाय. शब्द कळले नाहीत.

"विचारतायत, फेरीदेवहिनींना सांगितलंत का."

"वकिलाला दिलेल्या जबाबात..." मी म्हणाले.

ओझगेने ते तुला सांगितलं. मागे यंत्र चालूच होतं.

"ते म्हणतायत, वकिलाचा नवरा नव्हता मेला."

मी विचारलं, "माझ्या प्रश्नाचं काही म्हणाले का? का बोलले नाहीत ते?"

ती मग हळू आवाजात, बहुतेक तुझ्यापासून लांब जाऊन म्हणाली, "मी विचारलं होतं, आत्या. म्हणाले, 'मी तिची वाट बघत होतो.' एवढंच."

जबाबात ते वाक्य नाही. भोकं आहेत, कात्री आहे, अहवाल आहे. 'जुनी असतील' नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

फेरीदे मला विचारेल, त्या दिवशी गाडीत हलीत काय म्हणाला होता. बटाट्यांचं सांगावं लागेल. ती कदाचित हसेल आधी.

उद्या: पहिल्या बसने येदिओलुक. भट्टी पेटायच्या आत फेरीदेकडे.